जुना फ्लॅट विकायचाय? गिऱ्हाईक बघायच्या आधीचं सगळं काम

कोथरूडमधला आमचा फ्लॅट विकला त्याला आता वर्ष होत आलं. १९९३ ची बिल्डिंग, तीन मजले, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले, म्हणून विकायचा ठरवला. आम्हाला वाटलं रंग मारू, चार फोटो टाकू, दोन महिन्यांत मोकळे होऊ. पहिलं गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळालं पण, आणि अडीच महिन्यांनी निघूनही गेलं, कारण आमचे कागद पुरे नव्हते. एकूण अकरा महिने लागले. म्हणून हे लिहितोय, की आम्ही जे उलटं केलं ते तुम्ही सुलट करा: आधी फाईल, मग गळती, मग माळा, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

हे सगळं महाराष्ट्रातल्या रीसेल फ्लॅटबद्दल आहे. रो हाऊस, प्लॉट, गावातलं घर यांचे सातबारा, प्रॉपर्टी कार्ड वगैरे वेगळे विषय आहेत.

पहिलं काम: मालक नक्की कोण ते बघा

हा प्रश्न येड्यासारखा वाटतो पण आम्ही इथेच आपटलो. फ्लॅट बाबांच्या नावावर होता. बाबा गेल्यावर सोसायटीने नॉमिनेशन बघून शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं आणि आम्ही समजलो झालं, आता आई मालक. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाने फाईल उघडल्या उघडल्या विचारलं, मुलं किती? तीन. मग त्यांचे हक्क कुठे सोडलेत?

तर नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे आधी डोक्यात बसवून घ्या. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने कुणाशी बोलायचं एवढ्यापुरता माणूस, मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस विकणारे म्हणून सही करायला येतात किंवा बाकीच्यांनी एकाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि ते रजिस्टर करायचं. सख्ख्या नात्यात मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, पण ते नोटरी करून भागत नाही, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच लागतं. आमची ताई नाशिकला, ती एका दिवसात येऊन सही करून गेली. धाकटा भाऊ कॅनडात, त्याच्यासाठी डिसेंबरच्या सुट्टीची वाट बघितली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक गेलं. दुसरा मार्ग होता कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे त्याच्या वतीने इथल्या कुणीतरी सही करायचा अधिकार देणारा कागद: तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करायची, मूळ कागद इकडे कुरिअर करायचा आणि इथे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. हे आधी माहीत असतं तर बरंच वाचलं असतं.

आणि एक, परदेशात राहणारा भाऊ किंवा मुलगा स्वतःच विकणाऱ्यांपैकी एक असेल तर त्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला जास्त टीडीएस (आपल्याला पैसे देतानाच कापून आयकर खात्यात भरायची रक्कम) कापावा लागतो. एरवी ५० लाख किंवा वरच्या किमतीवर तो १ टक्का असतो, इथे त्यापेक्षा बराच जास्त आणि तिथे ५० लाखांची मर्यादा वगैरे काही नसते. कमी कापण्याचं सर्टिफिकेट आयकर खात्याकडून आधीच घेता येतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून सीएला सुरुवातीलाच सांगा.

फाईल

एक जाड फाईल आणा आणि त्यात लावत जा. बिल्डरकडून पहिल्यांदा घेतलेलं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, मध्ये कुणी विकला असेल तर त्यातलं प्रत्येक ॲग्रीमेंट (याला वकील चेन म्हणतात, एक कडी जरी गायब असली तरी बँक लोन देताना नाक मुरडते), प्रत्येकाची रजिस्ट्रेशन पावती आणि इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाच्या मिळकतकराची पावती, वीजबिल, मेंटेनन्सची शेवटची पावती, बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मंजूर नकाशाची झेरॉक्स. ओसी आणि नकाशा सोसायटीच्या दप्तरात असतात, सेक्रेटरीच्या मागे लागावं लागतं, आमच्याकडे सेक्रेटरी काका सकाळी फिरायला जातात तेव्हाच बोलतात.

पुण्यातल्या लोकांनी एक बघा, तुमची बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या बिल्डिंगी खूप आहेत, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा त्यात लिहिलेला असतो. लोक वर्षानुवर्षं तोंडाने सोसायटी सोसायटी म्हणतात आणि विकताना शेअर सर्टिफिकेट शोधत बसतात.

जुनं ॲग्रीमेंट हरवलं असेल तर घाबरू नका पण लपवूही नका. पोलिसात हरवल्याची नोंद, पेपरात जाहीर नोटीस, आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, या तीन गोष्टींवर काम होतं. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमधून शोधता येतो. ॲग्रीमेंट रजिस्टरच झालेलं नसेल किंवा स्टॅम्प कमी भरला असेल, ऐंशीच्या दशकातल्या फ्लॅटना हे बऱ्याचदा असतं, तर मात्र गिऱ्हाईक शोधायच्या आधीच वकिलाकडे जा, कारण दंड महिन्यागणिक वाढत असतो.

लोन चालू असेल तर विकता येत नाही असं काही नाही. बँकेकडून दोन कागद मागवा, किती बाकी आहे त्याचं पत्र आणि त्यांच्याकडे तुमचे कुठले मूळ कागद आहेत त्याची यादी. घेणाऱ्याची बँक आधी तुमच्या बँकेचे पैसे फेडते आणि उरलेले तुम्हाला देते. लोन आधीच फिटलेलं असेल तर मूळ कागद परत आलेत का आणि रजिस्ट्रेशन ऑफिसमधला बोजा (कर्जाची नोंद) उतरलाय का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये तुम्हाला मिळतात, हे शाखेत शांतपणे सांगितलं की कागद लवकर सापडतात.

म्हाडा, सिडकोची लीजची जमीन, कलेक्टर लँड असेल तर त्यांची आधी परवानगी लागते आणि तिची फी असते. ती फी कोण भरणार हे भाव ठरवतानाच बोला.

सोसायटीला कधी सांगायचं

लवकर. लोक घाबरतात की सगळ्यांना कळेल, अहो कळू दे ना! शेजारच्याला मुलाच्या लग्नासाठी लागून असलेला फ्लॅट हवा असतो आणि तो ब्रोकरशिवाय घेतो. आमचाही शेवटी तिसऱ्या गल्लीतल्या माणसाने घेतला, सेक्रेटरी काकांकडून कळून.

आदर्श उपविधी म्हणजे सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम, त्यांच्याप्रमाणे विकायला सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) सक्तीची नाही, पण घेणाऱ्याची बँक मागते, म्हणून घ्यावीच लागते, आणि एनओसी देताना सोसायटी थकबाकी शून्य करायला लावते ते बरोबरच आहे. ट्रान्सफरच्या पैशाबद्दल नीट वाचा: हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये, आणि प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, हे सरकारने २००१ मध्येच ठरवलंय. त्यावर डोनेशन, बिल्डिंग फंड, लिफ्ट फंड अशा नावाने लाखभर मागतात, ते देणं बंधनकारक नाही. भांडायचं का नाही हे तुमच्यावर, पण नियम माहीत असावा. प्रीमियम विकणारा भरतो का घेणारा याचा पक्का रिवाज नाही, आम्ही अर्धा अर्धा केला.

पार्किंगचं पत्र आत्ताच मागून घ्या. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बिल्डर ओपन किंवा स्टिल्ट (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) पार्किंग वेगळं विकू शकत नाही, त्यामुळे सोसायटीने दिलेल्या वाटपाचा कागद नसेल तर जाहिरातीत कव्हर्ड पार्किंगसह असं छातीठोक लिहू नका. आणि रीडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, कुठल्या टप्प्यावर आहे, हे कोथरूडसारख्या भागात प्रत्येकजण विचारतो, तेव्हा खरं तेच सांगा, मिटिंगचे मिनिट्स असतील तर झेरॉक्स ठेवा.

गळती

रंगाच्या आधी गळती. आमच्या बाथरूमच्या छताला पापुद्रे सुटलेले होते आणि पेंटर म्हणाला पुट्टी मारून एक हात देतो, कळणार पण नाही. जूनमध्ये रंगवलं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथेच पिवळा नकाशा उमटला, आणि त्या रविवारी एक जोडपं फ्लॅट बघायला आलेलं, त्या बाईंनी मान वर केली आणि नवऱ्याकडे फक्त बघितलं. संपलं तिथेच.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. शेवटच्या मजल्यावर गच्चीतून पावसाचं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, बाहेरच्या कॉमन पाईपमधून येत असेल तरी सोसायटीच, आणि वरच्या फ्लॅटच्या संडास बाथरूममधून येत असेल तर वरच्याने. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसापर्यंत लांबतं. वरच्या काकूंनी आमचं ऐकलं कारण ताई त्यांच्या मुलीबरोबर शाळेत होती, नाहीतर काय झालं असतं माहीत नाही. त्यांच्या बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांमध्ये ग्राऊट भरून आणि नहाणी ट्रॅप बदलून भागलं, सगळी फरशी उखडायची वेळ आली नाही. त्यानंतर भिंत पूर्ण सुकू द्या, घाई नको, मग पुट्टी आणि रंग.

रंग साधा ऑफव्हाईट. हॉलमधली ती एक लाल भिंत तुम्हाला आवडत असेल, घेणाऱ्याला तिथे खर्च दिसतो. किचन नवीन करू नका, आम्हाला दोन लाखांचं कोटेशन मिळालं होतं आणि नशिबाने केलं नाही कारण ज्याने घेतला त्याने पहिल्या आठवड्यात ओटा फोडला. त्याऐवजी ठिबकणारे नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, न लागणारी कडी, फुटलेला स्विचबोर्ड, फाटकी मच्छरजाळी, आणि प्रत्येक खोलीत जास्त उजेडाचा बल्ब. एवढं सगळं आमचं १४ हजारात झालं, रंग सोडून.

बाल्कनी आत घेतली असेल किंवा मधली भिंत काढली असेल तर जपून. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. बाल्कन्या अर्ध्या पुण्याने आत घेतल्यात, त्याला ते फार काही म्हणत नाहीत, पण बीम कॉलमला हात लावलेला असेल तर लोन अडतं.

माळा

याच्यावर मी वेगळंच लिहू शकतो. दोन माळे, तीस वर्षं. बंद पडलेला मिक्सर, बाबांच्या ऑफिसच्या डायऱ्या १९८७ पासूनच्या, माझी दहावीची प्रयोगवही, पाहुण्यांसाठीच्या सहा गाद्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आई प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची गोष्ट सांगणार, त्यामुळे एका दिवसात होतच नाही, चार रविवार धरा. तीन ढीग करा: नेणार, देणार, भंगार. पितळेची भांडी भंगारवाल्याला देऊ नका, भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारा. आणि कागदाचा एकही गठ्ठा न बघता रद्दीत टाकू नका, आमची बिल्डरला दिलेल्या पैशांची मूळ पावती जुन्या कालनिर्णयच्या गठ्ठ्यात सापडली.

फ्लॅट दाखवताना ओटा मोकळा, बेड मोकळा, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे नाहीत, एवढं पुरे. देवघर असू दे. गोदरेजचं कपाट वगैरे न्यायचं नसेल तर किमतीत धरलंय का नाही ते आधीच लिहून ठेवा, ट्यूबलाईट आणि पंख्यांवरून भांडणं झालेली मी बघितलीत.

भाव किती सांगायचा

साईटवर जे आकडे दिसतात ते लोकांच्या अपेक्षा आहेत, झालेले व्यवहार नाहीत. झालेला व्यवहार इंडेक्स टू मध्ये असतो. ई-सर्चला तुमच्याच गल्लीतल्या बिल्डिंगचे गेल्या वर्षा-दोन वर्षांतले दस्त बघा, तिथे रक्कम आणि चौरस मीटर दोन्ही असतं. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. पण जुन्या दस्तात क्षेत्रफळ बिल्टअप (भिंती धरून) असतं आणि आजचं गिऱ्हाईक कार्पेट (भिंतींच्या आतलं) विचारतं, म्हणून टेप घेऊन स्वतः भिंत ते भिंत मोजा. आम्ही वर्षानुवर्षं ७०० फूट म्हणत होतो, कार्पेट निघालं ५६५.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दरही काढून ठेवा, कारण व्यवहार त्याच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली दाखवला तर आयकरवाले रेकनरचीच किंमत विक्रीची किंमत धरतात. स्टॅम्प ड्युटी घेणारा भरतो, पुण्यात सगळं धरून ७ टक्के (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), शिवाय रजिस्ट्रेशन १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये. हे सांगायचं कारण, गिऱ्हाइकाचं बजेट ७० लाख म्हणजे तुम्हाला ७० लाख नाहीत, त्यातूनच तो ड्युटी, ब्रोकर आणि रंगकाम करणार आहे.

कॅशमध्ये एवढे एवढे द्या असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड लागतो, आणि तो घेणाऱ्या हाताला, म्हणजे तुम्हाला.

पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, आषाढातही जरा थंड असतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी यांच्या महिनाभर आधी जाहिरात असायला हवी.

टॅक्सचा हिशोब आधी करा, मग भाव सांगा

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर विक्रीचा नफा लाँग टर्म. वारशाने आलं असेल तर आधीच्या मालकाने कधी आणि कितीला घेतलं ते धरतात. २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या. २३ जुलै २०२४ पासून टॅक्सचा दर १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय (इंडेक्सेशन म्हणजे महागाईच्या सरकारी इंडेक्सप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं), पण त्या तारखेच्या आधी घेतलेलं घर असेल आणि विकणारा भारतात राहणारा असेल तर जुन्या पद्धतीने म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्के, यातलं जे कमी येईल ते.

समजा ७० लाखांना विकलं आणि २००१ ची किंमत ६ लाख. साधा हिशोब: नफा ६४ लाख, त्याचे १२.५ टक्के म्हणजे ८ लाख. इंडेक्सेशनने: २०२५-२६ चा इंडेक्स ३७६, म्हणजे ६ लाखांचे २२.५६ लाख झाले, नफा ४७.४४ लाख, त्याचे २० टक्के साधारण ९.४९ लाख. म्हणजे इथे साधाच बरा. दोन्हीवर सेस वेगळा.

वाचवायचं असेल तर दुसरं घर घ्या, विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षं नंतर, बांधणार असाल तर ३ वर्षांत. आईला घर घ्यायचंच नव्हतं, ती माझ्याकडे आली, म्हणून ५० लाखांचे कॅपिटल गेन बाँड घेतले, ते विक्रीपासून ६ महिन्यांत घ्यावे लागतात आणि ५ वर्षं हात लावता येत नाही. एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, पण सीए लोक अजून ५४ (घराचं कलम) आणि ५४ईसी (बाँडचं) असंच म्हणतात. ग्रील, फरशी अशा मोठ्या कामांची जुनी बिलं ठेवली असतील तर ती खर्चात धरता येतात, रंगरंगोटी नाही धरत.

गिऱ्हाईक आल्यावर

कागद फक्त झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पानावर आडवं लिहा, कुणाला आणि कशासाठी दिलंय ते. मूळ कागद फक्त दाखवायचे, तेही तुमच्या समोर. जाहिरात टाकली की पहिल्याच दिवशी एक फोन येतो, मी आर्मीत आहे, फ्लॅट न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, फोन ठेवून द्या.

खरं गिऱ्हाईक बघायला आलं की घरात माणसं कमी ठेवा. आमच्या आईने चहा देता देता एकाला सांगून टाकलं की गुरुवारी पाणी बंद असतं आणि उन्हाळ्यात एकच वेळ येतं. मी डोळे वटारले. तोच माणूस पुढे घेऊन गेला, म्हणाला मावशींनी पाण्याचं खरं सांगितलं म्हणजे बाकीचंही खरं असणार.

टोकन बँकेतूनच घ्या आणि विसार पावती (टोकन घेतल्याचा लेखी करार) करा, त्यात एकूण किंमत, किती दिवसांत ॲग्रीमेंट, लोन नामंजूर झालं तर टोकनचं काय, कोण माघार घेईल तर काय, एवढं तरी असू दे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरतो, ७० लाखांवर ७०,००० रुपये, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, कारण त्याने ते भरलेच नसतील तर रिटर्न भरताना ते पैसे दिसत नाहीत. लोनचे पैसे रजिस्ट्रेशन झाल्यावर येतात, कधी आठवडा कधी तीन, म्हणून ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहून घ्या की ताबा पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच. सामान ठेवायला एक खोली द्या म्हणाले तरी चावी देऊ नका.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी आधार, पॅन मूळ आणि दोन साक्षीदार. आईचा अंगठा मशीनवर उठेचना, भांडी घासून रेषाच गेल्यात, चार बोटं बदलून एकदाचं झालं. घरातलं माणूस अंथरुणावर असेल तर अर्ज आणि फी भरून निबंधक घरी येऊन सही घेतात, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

ताबा देताना मीटरचं रीडिंग फोटो काढून दोघांनी ठेवा, गॅसचं कनेक्शन, मिळकतकर, वीज यांची नावं बदलायचे फॉर्म त्याच दिवशी सही करून द्या. आणि वीजबिलाला तुमचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर तो काढायला लावा. आम्ही राहिलो, त्यामुळे त्या फ्लॅटचं बिल अजून दर महिन्याला माझ्याच फोनवर येतं, मे मध्ये एकदम दुप्पट आलं, एसी बसवला वाटतं त्यांनी.